अभिरुचीचा निवाडा आणि ब्रिटिश संगीत-नियतकालिके

दोन नियतकालिकांपैकी कोणते सरस, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाचा वाटतो. मुळात तो सौंदर्यशास्त्राचा आहे. संगीतावरचे नियतकालिक बातम्या देते, मुलाखती छापते, दौऱ्यांच्या तारखा कळवते. पण त्याचे मुख्य काम निवाडा देण्याचे असते. ही रेकॉर्ड मोलाची, ती सामान्य, तिसरी ऐकूही नका. असा निवाडा खरा किंवा खोटा असू शकतो का? नसेल, तर एका पत्राची समीक्षा दुसऱ्यापेक्षा चांगली म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. ज्याला जे भावते ते त्याने वाचावे, एवढेच. असेल, तर त्याचे खरेखोटेपण कशावर ठरवायचे ते सांगावे लागते. ब्रिटनमध्ये या प्रश्नाचा निकाल तत्त्वज्ञांच्या वर्गात लागला नाही, पण वृत्तपत्रविक्रेत्यांच्या दुकानांत तो अनेक दशके लढवला गेला. एकाच रेकॉर्डवर तीन-चार पत्रे परस्परविरोधी कौल देत आणि ते शेजारीशेजारी विकायला ठेवलेले असत. जगात फार थोड्या ठिकाणी संगीताविषयीचे मतभेद इतक्या नियमाने आणि इतक्या आवेशाने छापले गेले.

या वादाला चौकट पुरवणारा विचारवंतही तिथलाच आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट आपल्या कामासाठी वापरली आहे. सांचो पान्साचे दोन नातलग एका पिंपातली दारू चाखतात. एक म्हणतो, दारू उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, चामड्याची नव्हे, लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडते. ह्यूमचे म्हणणे असे, की सौंदर्य वस्तूत नसून मनात असले, तरी ती भावना जागवणारे काहीतरी वस्तूत असते आणि ते सगळ्यांना सारखे जाणवत नाही. ज्याला जाणवते त्या समीक्षकाची पाच लक्षणे त्याने दिली: शाबूत बुद्धी, तरल संवेदना, सराव, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहापासून मुक्तता. अशा जाणत्यांचा एकत्रित कौल हा त्याच्या मते अभिरुचीचा निकष. यातला ‘एकत्रित’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गोष्टीतले दोघेही अर्धेच बरोबर होते. किल्ली आणि वादी मिळून पूर्ण सत्य होते. ब्रिटिश संगीत-नियतकालिकांची तुलना करायची तर याच कसोटीने करावी. कोणाचा निकाल आपल्या आवडीशी जुळला हे पाहण्याऐवजी, कोणत्या पत्राने कोणते लक्षण जोपासले आणि कोणते गमावले, हे पाहावे.

तुलनेचे लक्षण सर्वांत निष्ठेने जपले ते ‘ग्रामोफोन’ने. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी याने मेहुणा ख्रिस्तोफर स्टोन याच्या साथीने १९२३ च्या एप्रिलमध्ये हे मासिक काढले. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात रचना लिखित असते आणि तीच असते, वादक बदलतो. त्यामुळे समीक्षकाच्या हाती एक स्थिर वस्तू येते. आर्टुर श्नाबेलने १९३० च्या दशकात बेथोव्हनच्या सर्व ३२ पियानो सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या; त्यानंतर त्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला त्या तबकड्यांच्या शेजारी उभे राहावे लागले. ‘ग्रामोफोन’मधले परीक्षण उघडले की ही शिस्त डोळ्यांनी दिसते. वर कंपनी, तबकडीचा क्रमांक, कालावधी, पुष्कळदा त्याखाली तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांची नावे, मग मजकूर. समीक्षक रचनेच्या दुसऱ्या भागाची लय संथ आहे म्हणतो तेव्हा ती कोणापेक्षा संथ हेही सांगतो. वाचक त्या दोन्ही तबकड्या लावून त्याला खोटा पाडू शकतो. निवाडा तपासता येणे हा समीक्षेचा पहिला गुण मानला, तर ‘ग्रामोफोन’चा मान वरचा. त्याची मर्यादाही इथूनच सुरू होते. श्नाबेल सरस की आणखी कोणी, हे हे मासिक सांगते. बेथोव्हनच का, हा प्रश्न ते सहसा विचारत नाही. रचनेची थोरवी आधीच ठरलेली असते.

‘मेलडी मेकर’चे बळ सरावात होते. १९२६ च्या जानेवारीत तो सुरू झाला तो नृत्यवाद्यवृंदांत काम करणाऱ्या वादकांसाठी. मालक लॉरेन्स राइट स्वतः गीतकार आणि गाण्यांचा प्रकाशक होता. ज्याचा माल विकायचा त्याच्याच हातात निवाड्याचे साधन, ही अडचण या व्यवसायाला अशी जन्मापासून चिकटलेली आहे. तरीही पत्र वादकांचे असल्याने त्यात कानांना कामाची सवय होती. १९३१ पासून स्पाइक ह्यूज हा संगीतकार ‘माइक’ या नावाने त्यात जॅझवर लिहू लागला. ड्यूक एलिंग्टन १९३३ साली ब्रिटनला आला तेव्हा ‘मेलडी मेकर’ने लंडनच्या ट्रोकॅडेरो सिनेमागृहात खास वादकांसाठी त्याचे कार्यक्रम घडवले. श्रोत्यांनी भलत्या जागी टाळ्या वाजवल्या, गंभीर जागी हसले, म्हणून ह्यूजने त्यांना फटकारले. आज हे उर्मट वाटेल. पण त्यामागची भूमिका नीट पाहिली पाहिजे: करमणुकीचा ठेका समजल्या जाणाऱ्या आणि कृष्णवर्णीय कलावंताने रचलेल्या संगीताला एक समीक्षक मोझार्टइतके कान देऊन ऐकायला सांगत होता. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये पूर्वग्रह दूर सारणे म्हणजे नेमके हे होते.

‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनएमईने, आरंभी निवाड्याची वाटच बदलली. मॉरिस किन याने १९५२ मध्ये एक डबघाईला आलेले साप्ताहिक विकत घेऊन त्याला हे नाव दिले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्यात ब्रिटनची पहिली एकेरी तबकड्यांची विक्रीक्रमवारी छापली गेली. जाहिरात विभागाचा पर्सी डिकिन्स वीसेक दुकानांना दूरध्वनी करून खपाचे आकडे घेई आणि त्यांची बेरीज करी. पहिल्या क्रमांकावर अल मार्टिनो होता. इथे सौंदर्याचा प्रश्न मोजणीचा होतो: जे जास्त विकले ते वर. जाणत्याची गरजच नाही. ही पद्धत लोकशाहीची वाटते खरी, पण ती ‘काय आवडले’ एवढेच सांगते, ‘काय आवडण्याजोगे आहे’ ते सांगत नाही. साठच्या दशकात बीटल्सच्या लाटेवर एनएमईचा खप ३ लाखांच्या वर गेला आणि लाट ओसरली तेव्हा पत्र बंद पडायची वेळ आली. १९७२ मध्ये संपादक अ‍ॅलन स्मिथला काही आठवड्यांची मुदत मिळाली. त्याने भूमिगत प्रकाशनांतून माणसे आणली. ‘ऑझ’च्या गाजलेल्या शालेय अंकात हात असलेला चार्ल्स शार मरे आणि ‘फ्रेंड्झ’मध्ये लिहिणारा निक केंट हे त्यांतले ठळक. क्रमवारीवर वाढलेले पत्र आता गद्यावर जगू लागले.

त्या गद्याचे मोल समजायला मराठी वाचकापाशी एक चांगले साधन आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव मांडले: लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी. एका टोकाला कला जीवनाच्या इतर व्यवहारांशी, नीतीशी, समाजाशी बांधलेली. दुसऱ्या टोकाला ती स्वायत्त, स्वतःच्याच नियमांनी जोखायची. ‘ग्रामोफोन’ दुसऱ्या ध्रुवाकडे झुकतो. सत्तरच्या दशकानंतरची रॉक साप्ताहिके पहिल्याकडे. १९७६ च्या ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध भाषण केले. त्याचा निषेध करणारे आणि ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या चळवळीची हाक देणारे पत्र एनएमई, ‘मेलडी मेकर’ आणि ‘साउंड्स’ या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांनी छापले. ब्लूजवर उभ्या राहिलेल्या गिटारवादकाने कृष्णवर्णीयांविरुद्ध बोलावे, याचा त्याच्या संगीताशी संबंध आहे की नाही, हा प्रश्न वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या पानावर येऊन बसला. १९९२ मध्ये मॉरिसीने फिन्सबरी पार्कच्या मंचावर युनियन जॅक फडकवला तेव्हा एनएमईने मुखपृष्ठावर घेऊन त्याला जाब विचारला. आणि हा मॉरिसी त्याच साप्ताहिकाने वर्षानुवर्षे डोक्यावर घेतलेला गायक होता. स्वतःच्या आवडीविरुद्ध प्रश्न विचारण्याची तयारी हा पूर्वग्रहमुक्तीचा अवघड प्रकार आहे, आणि त्या एका अंकात एनएमईने तो दाखवला.

लौकिकतावादाची किंमतही एनएमईनेच मोजली. गाण्याचा अर्थ, पोशाख, भूमिका, राजकारण यांवर पाने भरत गेली. गाणे वाजते कसे हे त्यांत हरवू लागले. पॉल मॉर्ली आणि इयन पेनमन यांनी फ्रेंच विचारवंतांची परिभाषा साप्ताहिकात आणली. त्यांच्या उत्तम लेखांत वाक्यांची लय गाण्याच्या लयीशी झुंजते आणि वाचक तबकडीकडे नव्या कानांनी परततो. सामान्य लेखांत तबकडी केवळ निमित्त उरते. दुसरी वाईट सवय अधिक गंभीर होती. एखादा बँड चढवायचा आणि वर्ष-दोन वर्षांत पाडायचा, हे साप्ताहिकांचे चक्रच झाले. ‘मेलडी मेकर’ने १९९२ च्या एप्रिलमध्ये स्वेडला ब्रिटनमधला सर्वोत्तम नवा बँड म्हणून मुखपृष्ठावर झळकवले तेव्हा त्यांची एकही तबकडी बाजारात आलेली नव्हती. निवड चुकली नव्हती, पण ह्यूमच्या अर्थाने तो निवाडाही नव्हता. ते भाकीत होते.

‘साउंड्स’ला या इतिहासात सहसा तिसरे स्थान मिळते, आणि ते अन्यायाचे आहे. १९७० ते १९९१ या काळात या साप्ताहिकाने इतरांनी हसण्यावारी नेलेले संगीत मनापासून ऐकले. १९७९ मध्ये जेफ बार्टनच्या लेखातून ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’ ही संज्ञा रूढ झाली ती याच पानांवर. १९८१ चे ‘केरँग!’ही आधी त्याचीच पुरवणी म्हणून निघाले. इथे ह्यूमची यादी अपुरी पडते आणि अभिनवगुप्ताचा सहृदय आठवतो. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. ह्यूम समीक्षकाला अंतर राखायला सांगतो, अभिनवगुप्त ते अंतर मिटवण्याची पात्रता मागतो. हेवी मेटलकडे दुरून पाहणाऱ्या चतुर समीक्षकाला त्यात केवळ गोंगाट आणि चामड्याची जाकिटे दिसली. ‘केरँग!’च्या लेखकाला एका गिटारच्या रिफमधला आणि दुसऱ्या रिफमधला फरक ऐकू येई, कारण तो त्या गर्दीत उभा राहिलेला असे. अशा समीक्षकाचे प्रेम त्याचा निवाडा बिघडवते असे मानले जाते. उलटेही तितकेच खरे आहे: प्रेमाशिवाय काही फरक ऐकूच येत नाहीत.

वाचकाच्या वयाचा मुद्दा ह्यूमने आधीच हाताळला होता. विसाव्या वर्षी ओव्हिड आवडतो, चाळिशीत होरेस, पन्नाशीत कदाचित टॅसिटस. आणि यात कोणाचाही दोष नाही, असे तो म्हणतो. मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ यांनी १९८६ मध्ये ‘क्यू’ काढले ते अशाच चाळिशीकडे निघालेल्या, नव्याने सीडी घेऊ लागलेल्या वाचकासाठी. साप्ताहिकांची भांडणे नकोत. नीट छपाई, शांत भाषा, आणि प्रत्येक अल्बमला पाचपैकी तारे. १९९३ च्या ‘मोजो’ने आणि १९९७ च्या ‘अनकट’ने हा वाचक आणखी मागे, साठ-सत्तरच्या दशकांकडे नेला. साप्ताहिकाच्या चाहत्याने ‘मोजो’ला म्हातारे म्हणावे आणि ‘मोजो’च्या वाचकाने एनएमईला पोरकट, यातला बराचसा वाद ह्यूमच्या अर्थाने निर्दोष आहे, तो निकालात काढण्याचे कारणच नाही.

ताऱ्यांचे तसे नाही. पाच तारे मिळालेला लोकगीतांचा संग्रह आणि पाच तारे मिळालेला नृत्यसंगीताचा अल्बम एकाच मापाने मोजले गेले असे वाटते. प्रत्यक्षात दोन्हींना समान असा मोजण्याचा गुण सापडत नाही. शिवाय तारा कारण सांगत नाही. ओएसिस या बँडच्या १९९५ च्या दुसऱ्या अल्बमला ब्रिटिश समीक्षकांतल्या अनेकांनी कोमट प्रतिसाद दिला आणि तो अफाट खपला. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा पुढचा अल्बम ‘बी हियर नाऊ’ आला तेव्हा पुन्हा फजिती नको म्हणून की काय, बहुतेक सर्वांनी स्तुतीचा वर्षाव केला. ‘क्यू’ने पाच तारे दिले. काही वर्षांत तोच अल्बम फुगवलेपणाचा नमुना मानला जाऊ लागला. खुद्द बँडचा गीतकार नोएल गॅलाघर याने त्यावर टीका केली. इथे ह्यूमचा एकत्रित कौल का फसला? समीक्षक अनेक होते, पण स्वतंत्र नव्हते. प्रत्येकजण गेल्या वेळच्या खपाकडे आणि शेजारच्या पत्राकडे पाहत होता. दहा जण एकमेकांची री ओढतात तेव्हा ते दहा साक्षीदार नसतात, एकच असतो.

काळाची कसोटी हा यावरचा पारंपरिक उपाय, आणि ‘मोजो’ची थोरवी तिथे आहे. विस्मृतीत गेलेले अल्बम उकरून त्यांची बाजू नव्याने मांडण्याचे काम त्याने सातत्याने केले. १९७४ मध्ये मेलेल्या निक ड्रेकच्या तबकड्या त्याच्या हयातीत फारशा विकल्या नव्हत्या. आज तो इंग्रजी गीतकारांत अग्रस्थानी मानला जातो, यात या मासिकांचा वाटा मोठा आहे. मात्र या कसोटीतही एक वर्तुळ लपलेले आहे. थोर अल्बम कोणते, तर जाणते ज्यांना थोर म्हणतात ते. जाणते कोण, तर ज्यांना थोर अल्बम ओळखता येतात ते. सार्वकालिक शंभर अल्बमांच्या याद्या वारंवार छापल्या की काळ निवाडा करेनासा होतो. संपादक जुनेच निवाडे पुन्हा वाचून दाखवतात.

या वर्तुळातून बाहेर पडण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न १९८२ मध्ये जॅझचे मासिक म्हणून सुरू झालेल्या ‘द वायर’ने केला. पुढे ते प्रायोगिक संगीताकडे वळले आणि नंतर कर्मचाऱ्यांनीच विकत घेतले. त्यातले ‘इन्व्हिजिबल ज्यूकबॉक्स’ हे सदर साधे आहे: कलावंताला तबकड्या ऐकवायच्या, त्या कोणाच्या हे सांगायचे नाही, आणि तो काय म्हणतो ते छापायचे. नाव काढून घेतले की नावाभोवतीचा दबदबा आणि तिरस्कार दोन्ही गळतात. कान उघडे पडतात.

ते का आवश्यक आहे हे २००७ मध्ये फार कडवटपणे दिसले. जॉइस हॅटो ही सत्तरच्या दशकातच मैफलींतून निवृत्त झालेली इंग्रज पियानोवादक. उतारवयात तिच्या नावाने शंभराहून अधिक सीडी तिच्या पतीच्या कंपनीने काढल्या आणि ‘ग्रामोफोन’सह अनेक ठिकाणी त्यांचा गौरव झाला. २००६ मध्ये ती वारली. पुढच्या फेब्रुवारीत एका वाचकाने तिची लिस्टच्या एट्यूड्सची सीडी संगणकात घातली, तर आयट्यून्सने वादक म्हणून लास्लो सिमोनचे नाव दाखवले. ध्वनिलहरी ताडून पाहिल्यावर ध्वनिमुद्रण सिमोनचेच निघाले. मग रखमानिनोव्हचे कॉन्चेर्टो येफिम ब्रॉन्फमनचे निघाले. चोरीची यादी वाढत गेली आणि शेवटी पतीने कबुली दिली. सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील असा, की ब्रॉन्फमनच्या नावाने जे वादन ‘ग्रामोफोन’च्या एका समीक्षकाला काही वर्षांपूर्वी फिके वाटले होते, तेच हॅटोच्या नावाने आल्यावर त्याने गौरवले. आजारी, उपेक्षित, वृद्ध स्त्रीची कहाणी त्याच्या कानांत आधीच वाजत होती.

यावरून समीक्षा भोंदूपणा ठरते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा आहे. वादन खरोखरच उत्तम होते; सिमोन आणि ब्रॉन्फमन सामान्य वादक नव्हेत. शिवाय वाजवणाऱ्याचे कर्तृत्व हा संगीताच्या मूल्याचा भाग आहे. सत्तरीच्या आजारी हातांनी लिस्ट पेलणे आणि तरण्या हातांनी पेलणे या दोन कृती ध्वनी तोच असला तरी भिन्न आहेत. समीक्षकाला ध्वनीविषयी जितके फसवले गेले, तितकेच कृतीविषयीही. आणि हे बिंग ‘ग्रामोफोन’नेच स्वतःच्या परीक्षणांची लाज न राखता प्रसिद्ध केले. ज्या मासिकात निवाड्याबरोबर तबकडीचा क्रमांक आणि तुलनेचा आधार छापला जातो, तिथली चूक पकडता येते.

इम्मॅन्युएल कान्टने १७९० मध्ये या प्रश्नाला दिलेले वळण इथे उपयोगी पडते. सौंदर्याचा निवाडा करणारा सर्वांची संमती अपेक्षितो, पण ती सिद्ध करून मिळवू शकत नाही. पुराव्याने वाद मिटत नाही, तरी वाद घालण्याला अर्थ असतो. शंभर जणांनी वाखाणले म्हणून कविता सुंदर वाटेल असे नाही. ज्याने त्याने स्वतःच अनुभव घ्यावा लागतो. म्हणून समीक्षकाचे काम संमती लादण्याचे नसून श्रोत्याचे अवधान योग्य जागी नेण्याचे आहे. कान्टची दुसरी अट निरपेक्षतेची: वस्तूपासून काही लाभ साधायचा असेल तर निवाडा सौंदर्याचा राहत नाही. रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या कुठल्याही पत्राला ही अट पूर्ण पाळता आलेली नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या मालकीचे ‘द वायर’ तिच्या त्यातल्या त्यात जवळ आहे.

प्रतिस्पर्धी पत्रांचे खरे नुकसान मात्र जाहिरातींपेक्षा मालकीने केले. एनएमई आणि ‘मेलडी मेकर’ शेवटी आयपीसी या एकाच कंपनीकडे होते. २००० च्या डिसेंबरमध्ये ‘मेलडी मेकर’ एनएमईत विलीन झाला. एनएमई २०१५ मध्ये फुकट वाटले जाऊ लागले आणि २०१८ मध्ये त्याची छापील साप्ताहिक आवृत्ती थांबली. ‘क्यू’ २०२० मध्ये बंद पडले. ‘मोजो’, ‘अनकट’, ‘द वायर’ निघत आहेत; ‘ग्रामोफोन’ने २०२३ मध्ये शंभरी गाठली. पण यांतले प्रत्येक मासिक आपापल्या वेगळ्या संगीताचे आहे. एकाच तबकडीवर समोरासमोर भांडण्याची वेळ त्यांच्यावर क्वचित येते. ती जागा आता बहुतांशी गुणांच्या सरासरीने घेतली आहे. एकाने पाच तारे दिले आणि दुसऱ्याने एक, तर सरासरी तीन येते, आणि तीन हे कोणाचेच मत नसते. पिंपातल्या दारूला एकाने लोखंडाची चव सांगितली, दुसऱ्याने चामड्याची. सरासरी काढणाऱ्याला त्यातून किल्ली सापडली नसती. त्यासाठी दोघांचीही कारणे पूर्ण वाचावी लागतात, आणि ती सविस्तर लिहायला दोन पत्रे व दोन संपादक लागतात.